मृगाच्या ढगातलं पाणी

बालमित्रांनो, तुमच्या गावातल्या विहिरीचं पाणी चवीला कसं लागतं? हा काय प्रश्न झाला, असं तुम्ही म्हणाल. पाण्याला चव असते का कुठं? पण आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या मुलांना विचारून बघा. ती लगेच सांगतील, "खारं!"

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना एक मोठा पट्टा आहे. त्याला म्हणतात खारपाणपट्टा. पूर्णेनं आणि तिच्या उपनद्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकला. त्या गाळाचे जाडच जाड थर साचले आणि त्यांत क्षार अडकून बसले. वरून जमीन बघाल तर काळीभोर, कसदार. कापूस, तूर, हरभरा झकास पिकतो. पण खाली विहीर खणा, नाहीतर बोअर मारा, पाणी खारट. अशी शेकडो गावं आहेत. या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. असं पाणी वर्षानुवर्षं पिऊन माणसं आजारी पडतात, ते वेगळंच. म्हणून पिण्याचं पाणी लांबून, सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून नळानं आणावं लागतं. आमच्या गावात नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो, त्या दिवशी सगळं गाव भांडी घेऊन उभं.

मी अशाच एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात आमच्या पाचवी ते सातवीच्या मुलांची सहल चिखलदऱ्याला गेली होती. त्या सहलीत मी एका मुलीला एक उत्तर दिलं आणि ते साफ चुकलं. ती चूक कशी कळली आणि तिच्यामुळे मला काय काय शिकायला मिळालं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

सकाळी सहाला एस.टी. निघाली. थंडी मी म्हणत होती. मुलं मफलर, कानटोप्या घालून खिडक्यांना चिकटून बसली होती. दोन्ही बाजूंना सपाट काळी शेतं. कुठं वेचणीला आलेला कापूस, कुठं हरभऱ्याचे हिरवे तुकडे. वाटेत एका जागी गवतात बुडालेले अरुंद रूळ दिसले. "ही शकुंतलेची पटरी," मी सांगितलं. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला जाणारी ती छोटी रेल्वे. मुलांच्या आजी-आजोबांनी तिच्यातून प्रवास केलेला. आता ती बंद आहे. मुलांना फक्त गोष्टींतच माहीत.

अंजनगाव सुर्जी मागं पडलं आणि हळूहळू देखावा पालटायला लागला. पानमळे दिसले. परतवाड्याच्या बाजूला तर संत्र्याच्या बागाच बागा. एका मुलानं विचारलं, "मॅडम, आपल्या गावाले संत्रा कायले नाही?"

मी म्हटलं, "तूच सांग."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पानी!"

अगदी बरोबर. संत्र्याला गोडं पाणी लागतं. काळ्या जमिनीचा रंग तोच, ऊन तेच. पण जिथं पाणी बदलतं तिथं शेत बदलतं. समोर सातपुड्याची निळी भिंत उभी होती. आमच्या नळाला येणारं पाणी याच डोंगरांच्या पायथ्याशी, शहानूर धरणात साठतं.

परतवाड्याच्या पुढं घाट लागला. वळणं घेत घेत गाडी वर चढली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. विदर्भातलं हे थंड हवेचं ठिकाण. खाली अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हाही इथं संध्याकाळी वारा गार असतो. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचं झालं चिखलदरा, अशी कथा इथं सांगतात. दिवसभर आम्ही भीमकुंड पाहिलं, कॉफीची झाडं पाहिली आणि मग गाविलगड किल्ला. हा किल्ला बहामनी सुलतान अहमदशहानं १४२५ साली बांधला, आणि १८०३ साली इंग्रजांनी तो लढून घेतला. इतिहास ऐकताना मुलं जांभया देत होती. पण किल्ल्यातले तलाव दिसले आणि सगळी जागी झाली. "एवढ्या वर पानी!"

मुक्कामाच्या ठिकाणी अंगणात एक नळ होता. आमची एक पाचवीतली मुलगी त्या नळाशी बसून बाटल्या भरत होती. स्वतःची भरली, मैत्रिणींच्या भरल्या, रिकामी झालेली सरबताची बाटलीसुद्धा धुऊन भरली.

"अगं, उद्या निघताना भर की," मी म्हटलं.

"उद्या नळ नाही आला तं?" ती म्हणाली. "आजीले नेतो."

या मुलीबद्दल एक सांगायला हवं. ती आठवड्यातून एक-दोनदा शाळेत यायची नाही. मी हजेरीत लाल शाईनं खूण करायची. एकदा वर्गासमोर रागावलेसुद्धा. शेवटी तिच्या घरी गेले तेव्हा तिची माय म्हणाली, "मॅडम, मी मजुरीले जातो. ज्या दिवशी नळ येते, त्या दिवशी पोरगी घरी नसन तं पानी कोन भरन?" मला काही बोलता आलं नाही. लाल खुणा मी खोडल्या, पण सुटलेले धडे काही भरून निघाले नव्हते.

रात्री जेवणं आटोपली आणि आम्ही सगळे मोकळ्या माळावर सतरंज्या टाकून बसलो. अमावस्या जवळ आलेली, त्यामुळे चंद्र नव्हता. दिवे मालवले आणि मुलांच्या तोंडून "अरे बाप्पा!" निघालं. आकाश असं भरलेलं, की ओळखीची नक्षत्रंसुद्धा सापडेनात. अमरावतीच्या रस्त्यावरून दिव्यांच्या उजेडात मोजके तारे दिसतात. इथं अंधार होता, म्हणून आकाश होतं.

आग्नेयेकडं वर मृग नक्षत्र होतं. चार पायांचे चार तारे आणि मधे एका ओळीत तीन तारे, म्हणजे व्याधानं मारलेला बाण. शेतकऱ्याच्या पोरांना मृग शिकवावा लागत नाही. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात जातो. त्याला आपण म्हणतो 'मृग लागला'. मग सगळं वऱ्हाड आभाळाकडं बघत बसतं. त्या दिवसांत सूर्यच मृगाच्या अंगणात असतो, म्हणून मृगाचे तारे रात्री दिसत नाहीत. ते बघायचे तर थंडीतच.

"आता बाणाच्या खाली, दक्षिणेकडं बघा," मी म्हटलं. "तीन बारीक ठिपक्यांची आणखी एक ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका नीट बघा. ताऱ्यासारखा टोकदार दिसतो का?"

सहलीसाठी मागून आणलेली एक छोटी द्विनेत्री आमच्याकडं होती. ती एकेकाच्या हातात गेली. मधला ठिपका म्हणजे धूसर पांढरा डाग होता, फुंकर मारून काचेवर वाफ धरावी तसा.

"मॅडम, थो डाग काय हाये?" बाटल्या भरणाऱ्या मुलीनं विचारलं.

"त्याला तेजोमेघ म्हणतात. वायू आणि धुळीचा प्रचंड मोठा ढग. त्यात नवे तारे जन्मतात."

"ढग हाये? मंग त्याच्यात पानी असन न?"

मी हसले. "नाही गं. तो पावसाचा ढग नव्हे. तिथं पाणी कुठून येणार?"

"पन मॅडम, मृगाचाच ढग हाये न थो?"

सगळी मुलं खो खो हसली. ती गप्प झाली आणि द्विनेत्री पुढच्याला देऊन मागं जाऊन बसली. मी पुढचं नक्षत्र दाखवायला घेतलं.

सहलीहून परतल्यावर मला मात्र तो प्रश्न सोडेना. आपण इतक्या ठामपणे 'नाही' म्हणालो, ते कशाच्या जोरावर? अमरावतीला गेले तेव्हा खगोलशास्त्राची पुस्तकं आणली, मोबाइलवर शोधलं, वाचत गेले. आणि मित्रांनो, वाचता वाचता माझे कान लाल झाले. तिथं पाणी होतं! कितीतरी होतं! आणि ही गोष्ट माणसाला माझ्या जन्माच्याही आधी कळलेली होती.

ती कशी कळली, ते आधी सांगते. मृगातला तो ढग आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे त्या रात्री आमच्या डोळ्यांत शिरलेला उजेड तिथून निघाला तेव्हा देवगिरीला यादवांचं राज्यही आलेलं नव्हतं. तिथं जाऊन बादलीभर नमुना काही आणता येत नाही. मग ओळखायचं कसं?

रेडिओवर आपण काटा फिरवतो. एका ठराविक जागी आकाशवाणी नागपूर लागतं, थोडं पुढं गेलं की दुसरं केंद्र. प्रत्येक केंद्राची लहर ठरलेली. रेणूंचंही असंच आहे. रेणू म्हणजे अणू एकमेकांना जोडून झालेली जोडगोळी. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन जोडले की पाण्याचा रेणू. हे रेणू भोवऱ्यासारखे गरगर फिरतात. त्यांची फिरण्याची तऱ्हा बदलते तेव्हा ते ठराविक लांबीची रेडिओ लहर सोडतात. अमोनियाची लहर वेगळी, पाण्याची वेगळी. पाण्याची एक लहर सुमारे १.३५ सेंटिमीटर लांबीची आहे. आकाशाकडं मोठी थाळी धरून ती लहर ऐकू आली की समजायचं, तिथं पाणी आहे.

पूर्वी शास्त्रज्ञांनासुद्धा वाटायचं की ताऱ्यांच्या मधल्या जागेत फार तर दोन अणूंचे साधे रेणू टिकतील. बाकीचे ताऱ्यांच्या प्रखर अतिनील किरणांनी तुटून जातील. मग १९६८-६९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाशाकडं रेडिओ दुर्बीण लावली. आधी त्यांना अमोनिया सापडला आणि लगेच पाठोपाठ पाणी. आणि पाण्याची ती हाक ज्या मोजक्या ठिकाणांहून पहिल्यांदा ऐकू आली, त्यांतलं एक ठिकाण होतं आपल्या मृगातला तेजोमेघ!

म्हणजे पाचवीतली मुलगी बरोबर होती आणि मॅडम चूक.

मग पुढचा प्रश्न. तिथं पाणी तयार कसं होतं?

आपण ढग म्हणतो खरं, पण तो फार विरळ असतो. तुमच्या खोलीतली साखरेच्या छोट्या खड्याएवढी हवा घेतली, तर तिच्यात २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. आकाशातल्या दाट ढगात तेवढ्याच जागेत असतात दहा हजार किंवा लाखभर. पण ढगाचा पसारा इतका अफाट, की मृगातल्या एकट्या ढगात लाखभर सूर्य घडतील एवढा माल आहे. आपल्याला दिसला तो डाग म्हणजे त्या ढगाचा उजळलेला दर्शनी भाग. तिथं नव्या ताऱ्यांनी वायू तापवून चमकवला आहे. त्याच्या मागं आणि आजूबाजूला जो काळा, थंडगार ढग पसरला आहे, तो डोळ्यांना दिसतच नाही. तिथं थंडी किती? उणे २६० अंशांच्याही खाली!

अशा ढगात अणू एकमेकांना भेटणंच कठीण. कापूस वेचून झालेल्या मोकळ्या रानात दोन माणसं डोळे बांधून सोडली तर ती एकमेकांवर कधी आदळणार? आणि आदळली तरी तशीच निसटून जातात, कारण जोडणीच्या वेळची जादा ऊर्जा टाकायला जागा नसते. इथं मदतीला येते धूळ.

हो, धूळ! हे धुळीचे कण इतके बारीक असतात, की तुमच्या एका केसाच्या जाडीत काही शे कण शेजारी शेजारी बसतील. गावात पिंपळाखाली पार असतो ना, तसं त्यांचं काम. कामावरून आलेला एक माणूस पारावर टेकतो, थोड्या वेळानं दुसरा येतो, आणि गप्पा जुळतात. तसाच एक ऑक्सिजनचा अणू धुळीच्या कणावर येऊन चिकटतो. हायड्रोजनचा अणू येतो, कणावरून सरकत सरकत त्याला गाठतो. मग आणखी एक हायड्रोजन येतो. झाला पाण्याचा रेणू तयार! जादा ऊर्जा तो कणच शोषून घेतो. हायड्रोजनच्या दोन अणूंची जोडीसुद्धा मुख्यतः अशीच धुळीच्या पारावर जमते. थंडी एवढी, की झालेलं पाणी तिथंच गोठतं. लाखो वर्षांत प्रत्येक कणावर बर्फाचं पांघरूण चढतं. त्या बर्फात सगळ्यात जास्त असतं ते पाणीच.

आणि ही धूळ दुसरंही काम करते. नवतपाच्या उन्हात आपण जसे झाडाखाली सावलीला थांबतो, तसे रेणू धुळीच्या सावलीत थांबतात. बाहेरच्या ताऱ्यांचे जाळणारे किरण ती धूळ आत येऊ देत नाही. म्हणून आत रेणूंचा कारखाना निवांत चालतो. आजवर आकाशात ३०० हून अधिक प्रकारचे रेणू सापडले आहेत. प्रयोगशाळेत बेडूक ज्यात ठेवतात त्या फॉर्मलिनमधला फॉर्माल्डिहाइड आहे, व्हिनेगरला आंबटपणा देणारं ॲसिड आहे, अल्कोहोलसुद्धा आहे.

अशा ढगाचा एखादा भाग स्वतःच्याच वजनानं आत कोसळायला लागतो. मधे गरम गोळा होतो, तो तारा. भोवती वायू आणि धुळीची फिरती थाळी तयार होते, तिच्यातून ग्रह घडतात. नव्या ताऱ्याजवळच्या कणांवरचा बर्फ तापून त्याची थेट वाफ होते. नव्या ताऱ्यांच्या आसपासच्या अशा वाफेचीच हाक टाउन्स यांच्या दुर्बिणीनं ऐकली होती.

हा अभ्यास फक्त परदेशातच होतो असं समजू नका. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक मीटर व्यासाची दुर्बीण भल्यामोठ्या फुग्याला बांधून हैदराबादहून आभाळात सोडली. हवेतली वाफ मधे येऊ नये म्हणून तिला सुमारे ३० किलोमीटर उंचीवर नेलं जातं. जपानी शास्त्रज्ञांच्या साथीनं या दुर्बिणीतून तारे जन्मतात त्या ढगांमधल्या कार्बनचा उजेड टिपला गेला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला तर गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिला पाण्याची ती छोटी लहर ऐकू येत नाही. पण हायड्रोजनच्या सुट्या अणूची २१ सेंटिमीटरची लहर तिला ऐकू येते. म्हणजे ज्या मालातून पाणी घडतं, त्या मालाचा ती शोध घेते.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. आपला सूर्यही सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका ढगात जन्मला. मग त्या ढगातल्या बर्फाचं काय झालं?

याचा माग काढायला शास्त्रज्ञांना एक खूण सापडली. हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्युटेरियम. तो दुर्मिळ असतो. सूर्य ज्या वायूतून घडला त्यात दर पन्नासएक हजार हायड्रोजनमागे एखादाच. पण आपल्या समुद्राच्या पाण्यात बघाल तर दर ६,४०० हायड्रोजनमागे एक! एवढा जास्त कसा? पाणी अतिशय थंड जागी तयार होतं तेव्हा जड हायड्रोजन त्यात जास्त प्रमाणात शिरतो. म्हणजे आपल्या पाण्यावर त्या थंडगार ढगाचा शिक्काच बसलेला आहे. २०१४ साली शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलं, की पृथ्वीवरच्या पाण्याचा काही हिस्सा, कदाचित निम्म्यापर्यंत, सूर्य पेटण्याच्या आधीच तयार झालेला असावा. मग २०२३ साली चिलीच्या वाळवंटातल्या 'अल्मा' या ६६ थाळ्यांच्या दुर्बिणीनं एका कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या थाळीतलं पाणी तपासलं. ढगातल्या पाण्याचा शिक्का आणि ग्रह घडवणाऱ्या थाळीतल्या पाण्याचा शिक्का जुळला. ढगातलं पाणी फारसं न बदलता थाळीत उतरतं, हे दिसून आलं. त्या थाळीत आपल्या सगळ्या महासागरांच्या निदान १,२०० पट पाणी आहे. आणि तो तारा कुठं आहे माहीत आहे? आपल्या मृगातल्याच ढगात!

पाण्याचे रेणू आपापसांत हायड्रोजनची देवघेव करत असतात, त्यामुळे हाच तो रेणू असं बोट ठेवून दाखवता येत नाही. पण साठा जुना आहे. तुमच्या पेल्यातल्या पाण्यात सूर्यापेक्षाही म्हाताऱ्या पाण्याचा वाटा आहे.

सोमवारी मी वर्गात गेले. फळ्यावर मृग काढला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "सहलीत मी एक उत्तर चुकीचं दिलं होतं. मृगाच्या ढगात पाणी आहे. हिनं विचारलेलं बरोबर होतं आणि मी न वाचताच नाही म्हणाले." वर्ग एकदम शांत झाला. मॅडम चुकतात आणि तसं सांगतातही, हे त्यांना नवीन असावं. ती मुलगी मान खाली घालून हसत होती. मग आम्ही धुळीच्या पाराचा खेळ खेळलो. एक मूल धुळीचा कण होऊन बसलं, एक ऑक्सिजन झालं, दोघं हायड्रोजन होऊन डोळे बांधून आली. हसून हसून पुरेवाट.

खेळ संपल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, मंग थे पानी गोड हाये का खारं?"

प्रश्न विचारावा तर हिनं! या वेळी मी घाई केली नाही. "आपल्या पाण्यासारखं खारं नाही," मी म्हटलं, "पण पिण्यासारखंही नाही. त्या बर्फात अमोनिया असतो, आणखी कायकाय मिसळलेलं असतं. पण एक लक्षात ठेव. पाणी मुळात खारं नसतं. आपल्या विहिरीतला खार जमिनीतून येतो."

"कशावरून?"

मग आम्ही प्रयोग केला. स्वयंपाकघरातल्या ताई मदतीला आल्या. हापशीचं खारं पाणी पातेल्यात घेऊन उकळायला ठेवलं. वर स्वच्छ ताटली तिरकी धरली. वाफ ताटलीला लागली, तिचे थेंब झाले आणि खालच्या वाटीत टपटप पडले. वाटी गार झाल्यावर आधी मी चाखलं, मग त्या मुलीनं चमच्यानं.

"गोड हाये!" ती ओरडली. मग सगळ्यांनाच थेंब थेंब पाहिजे होता. पातेल्यातलं पाणी आटल्यावर तळाला पांढरी खरबरीत पुटं उरली. तोच आमचा खार. मुलांनी ते पातेलं दुपारपर्यंत कुणाला घासू दिलं नाही.

तुम्हीही हा प्रयोग करून बघा. मात्र घरातलं मोठं माणूस सोबत असू द्या, वाफेनं हात भाजतो.

आजीसाठी नेलेल्या बाटल्यांचं काय झालं, असं मी तिला नंतर विचारलं. आजीनं एका बाटलीचा चहा केला, आणि दुसरी अजून फळीवर ठेवलीय म्हणे, पाहुण्यांसाठी.

आमच्या गावात नळ अजूनही रोज येत नाही. ते काही माझ्या हातात नाही. पण हजेरीची लाल शाई माझ्या हातात होती. आता पाण्याच्या दिवशी उशिरा आलेल्या मुलांना मी वर्गात बसवून घेते, आणि ज्यांना येताच आलं नाही त्यांचा सुटलेला धडा दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी घेते. ती मुलगी आता सातवीत आहे. धडा संपला की हमखास एक प्रश्न असतो तिचा. मी आधी वाचते, मगच उत्तर देते.

मित्रांनो, या थंडीत चंद्र नसलेल्या रात्री, दिव्यांपासून दूर, आई-बाबांना घेऊन एकदा अंगणात नाहीतर शेतात या. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास आग्नेय-दक्षिणेकडं वर बघा. मृगाचा बाण शोधा, त्याच्या खालचा धूसर ठिपका शोधा. तिथून जवळच रोहिणीचा तांबूस तारा दिसेल आणि पुढं कृत्तिकांचा पुंजका. त्यांच्या परिसरातही, सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर, असाच एक काळा थंडगार ढग आहे आणि त्याच्याही धुळीवर बर्फ साचतो आहे. रोहिणी आणि मृग, आपल्या शेतकऱ्यांची पावसाची दोन्ही नक्षत्रं!

बघून झालं की घरात या आणि पेलाभर पाणी प्या. सगळं संपवा. अर्धा पेला ओतून देऊ नका. ते इथवर यायला सूर्याहूनही जुनी वाट चालून आलंय.